दोन डाव्या बाजूंची होडी

कुकरची चौथी शिट्टी झाली, तेव्हा आत मसुराची आमटी शिजतेय असा घरातल्या सगळ्यांचा समज होता. झाकण उघडलं आणि निघाला प्लायवूडचा तुकडा. चार इंच लांब, दोन इंच रुंद, कडेला दुकानदाराचा जांभळा शिक्का, आणि वाफेला नव्या कपाटाचा वास.

"हे काय?" सौभाग्यवतींनी विचारलं.

"मरीन प्लाय. उकळून बघायचा असतो. थर सुटले नाहीत तर होडीला चालतो."

"आणि सुटले तर?"

"तर कपाटाला."

"आणि कुकरचं काय?"

या प्रश्नाचं उत्तर प्लॅनच्या अकरा पानांत कुठेच नव्हतं.

हे गृहस्थ देवनारला राहतात. त्यांचं नाव सांगण्यात अर्थ नाही. ते आणि प्रस्तुत लेखक एकाच रेशनकार्डावर आहेत, एवढी ओळख पुरे.

प्लायवूड उकळणं हा वेडेपणा वाटला तरी त्याला सरकारी आधार आहे. मरीन प्लायवूडचं जे भारतीय मानक आहे, क्रमांक ७१०, त्यात नमुना ७२ तास उकळत्या पाण्यात ठेवून तपासतात. घरात सिलिंडर एक, आणि दुसरा यायला आठवडा. तेव्हा गृहस्थांनी ७२ तासांचं चार शिट्ट्यांत भाषांतर केलं. पुढे काय वाढून ठेवलंय याचा अंदाज शहाण्या माणसाला तिथेच आला असता. सौभाग्यवतींना आला.

या प्लायवूडच्या खरेदीचीही एक गंमत आहे. मुंबईत मरीन प्लाय हवा तेवढा मिळतो. पण त्याचा समुद्राशी संबंध नावापुरता. तो जातो स्वयंपाकघरात, सिंकखालच्या कपाटाला. रे रोडच्या लाकूडबाजारात गृहस्थांनी सहा मिलिमीटरचे दोन तक्ते मागितले, तर दुकानदाराने वही पुढे ओढली. "ओटा किती फुटांचा?"

"ओटा नाही. होडी आहे."

दुकानदार जरा थांबला. मग धंदा तो धंदा. "बरं. मग वरून सनमायका कुठला देऊ?"

होडीचं खूळ आलं ते खिडकीतून. फ्लॅट घेताना जाहिरातीत 'खाडीदर्शन' असं छापलेलं होतं, आणि जाहिरात खोटी नव्हती. खिडकीतून खाडी दिसते. फक्त मध्ये देवनारचं डम्पिंग ग्राउंड आहे, जे १९२७ पासून तिथे आहे आणि ज्याची उंची आता एखाद्या टेकडीने हेवा करावा अशी आहे. त्या टेकडीच्या खांद्यावरून हिवाळ्यात ठाण्याच्या खाडीतल्या रोहितांची गुलाबी रेघ दिसते. इतकी वर्षं ती बघून गृहस्थांना एक दिवस वाटलं की आपण या दृश्याच्या चुकीच्या बाजूला राहतो. पलीकडे जायला होडी पाहिजे. आणि होडी विकत घेतो तो गिऱ्हाईक. बांधतो तो माणूस.

मग प्लॅन आला. परदेशी डिझायनरचा, पैसे भरून, ईमेलने. आठ फुटी, पुढून-मागून चौकोनी, दोन माणसांची, प्लायवूडच्या दोन तक्त्यांत होणारी. वर आश्वासन: 'दोन शनिवार-रविवारांत पूर्ण.' यातला तक्त्यांचा भाग थापेचा नव्हे. जगभर लहान मुलं जी 'ऑप्टिमिस्ट' नावाची छोटी शिडाची होडी चालवतात, ती १९४७ साली फ्लोरिडात क्लार्क मिल्स या होडीबांधणाऱ्याने आठ बाय चारच्या दोन तक्त्यांत बसवली होती. दोन तक्ते, हातकरवत आणि गॅरेज एवढ्यावर एखाद्या बापाला मुलासाठी होडी करता यावी, हा हिशेब. त्या बापाला चौथ्या मजल्यावर राहायचं नव्हतं, हा एक तपशील त्यात गृहीत होता.

प्लॅन आल्यापासूनचे पहिले तीन आठवडे हा या उद्योगातला सर्वांत सुखाचा काळ. गृहस्थ रात्री जेवण झाल्यावर पानं पसरून बसत. 'दाते पंचांग' घरात असलं की एकादशी केल्याचं अर्धं पुण्य पदरात पडल्यासारखं वाटतं, तसं त्यांना होडी बांधून झाल्यासारखंच वाटत होतं. गोवंडी स्टेशनवर ओळखीचं कोणी भेटलं की "सध्या होडीचं काम चाललंय" असं सांगत. ते खोटं नव्हतं. काम कागदावर चालू होतं.

पण कागदासमोर मराठी माणूस फार वेळ गप्प बसत नाही. त्याला सुधारणा सुचतात. डॉक्टरने तीन गोळ्या लिहिल्या तर तो दोन घेतो, पाककृतीत एक चमचा साखर असेल तर ती काढून गूळ घालतो आणि पदार्थ बिघडला की पाककृतीला नावं ठेवतो. प्लॅनच्या पहिल्याच पानावर चौकटीत ठळक लिहिलं होतं: काहीही बदलू नका. होड्यांच्या जवळजवळ सगळ्या प्लॅनवर हे लिहिलेलं असतं, आणि बहुतेक हौशी लोकांच्या वह्यांत त्याच्या शेजारी बदलांची यादी असते. गृहस्थांची यादी एका आठवड्यात सतरा कलमांवर गेली. डबा ठेवायला कप्पा. छत्री रोवायला भोक. सासूबाईंना टेकायला पाठ. हे सगळं मावायचं तर होडी मोठी हवी, म्हणून सरसकट सगळी मापं दहा टक्क्यांनी वाढवायची, असंही ठरलं.

दहा टक्के ऐकायला महागाईभत्त्यासारखं किरकोळ वाटतं. होडीच्या बाबतीत लांबी, रुंदी, उंची तिन्ही दहा टक्क्यांनी वाढल्या की पोटातली जागा ३३ टक्क्यांनी वाढते. लाकूड, वजन आणि खर्च त्या मागोमाग. शिवाय आठ फुटांची होडी पावणेनऊ फुटांची झाली की ती आठ फुटी तक्त्यात कशी बसणार? हे गणित आठवीतल्या मुलीने करून दाखवलं. "बाबा, घनफळ असतं ते." यादी फाडली नाही, घडी घालून प्लॅनमध्येच ठेवली.

नियतीने त्यांना दहा टक्के वाढवून दिलेच नाहीत. उलट सहा टक्के कापून घेतले.

झालं असं. होडीच्या आडव्या चौकटींचे नमुने प्लॅनमध्ये पूर्ण मापात काढलेले होते. ते मोठ्या कागदावर छापायचे, प्लायवूडवर चिकटवायचे, रेघेवरून कापायचे. गृहस्थ पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात गेले. दुकानातला मुलगा तत्पर. कागदाच्या कडेला चित्र कापलं जाऊ नये म्हणून त्याने 'फिट टू पेज' दाबलं. त्याच्या हिशेबाने गिऱ्हाइकाची ही सेवाच. प्लॅनच्या कोपऱ्यात एक छोटी रेघ होती आणि तिच्याखाली लिहिलं होतं की ही रेघ बरोबर १०० मिलिमीटर भरली पाहिजे. घरी आल्यावर मोजली, तर ९४ भरली.

"दमट हवेने कागद आकसला असणार," गृहस्थांनी निदान केलं.

दमट हवेने कागद आकसत नाही, फुगतो. पण तोवर चौकटी कापून झाल्या होत्या.

सहा टक्के म्हणजे तरी काय, असं वाटण्याची पाळी पुन्हा आली, आणि मुलीला पुन्हा बोलावण्यात आलं. ०.९४ चा घन केला तर ०.८३ येतो. म्हणजे तेवढ्याच प्रमाणात बुडताना पाण्यावर वजन पेलण्याची ताकद १७ टक्क्यांनी घटली. दोन माणसांची होडी दोन माणसांनी एका पायाने बसण्याची झाली. त्यातही फक्त चौकटी ९४ टक्के होत्या. बाजूच्या फळ्या प्लॅनमधल्या मापांच्या तक्त्यावरून आखायच्या होत्या, त्या पूर्ण शंभर टक्के निघणार होत्या. एकाच होडीत दोन होड्या राहायला आल्या होत्या, आणि मुंबईत जागेची अडचण असते तशी त्यांचीही होती.

प्लॅनच्या घोळांना या शहरात परंपरा आहे, हे गृहस्थांनी तेव्हापासून भेटेल त्याला ऐकवायला सुरुवात केली. ती परंपरा खरी आहे. मुंबईच्या गोदीत वाडियांनी बांधलेली 'ट्रिंकोमाली' ही युद्धनौका घ्या. ब्रिटिश आरमाराने तिची ऑर्डर १८१२ साली दिली आणि नकाशे 'जावा' नावाच्या जहाजातून मुंबईला धाडले. त्याच वर्षाच्या २९ डिसेंबरला ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ अमेरिकेच्या 'कॉन्स्टिट्यूशन'ने 'जावा'ला गाठून निकामी केलं. ती नंतर जाळून टाकली गेली. नकाशे गेले. इंग्लंडातून नवे येईपर्यंत थांबणं आलं. जमशेदजी वाडियांनी नौका पाण्यात सोडली ती १२ ऑक्टोबर १८१७ ला. सागवानी लाकडाची ती नौका आजही इंग्लंडात हार्टलपूलला तरंगते आहे. "त्यांचे नकाशे समुद्रात बुडाले," गृहस्थ म्हणत, "माझे झेरॉक्सच्या दुकानात. फरक एवढाच." वाडियांनी नवे नकाशे येईपर्यंत करवत उचलली नव्हती, हा दुसरा फरक ते सांगत नसत.

दुसरं उदाहरण तर त्यांना फ्रेम करून लावावंसं वाटे. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला मुंबई आणि आखातादरम्यान फिरणाऱ्या बोटीवरच्या रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन नावाच्या तरुण इंग्रज अधिकाऱ्याने, सोबतच्या मित्रांसह, मुंबईत स्वतःची शिडाची बोट बांधायचं ठरवलं. इंग्लंडहून टपालाने प्लॅन मागवले. मनात होती एक बोट, आणि पाकिटातून निघाले दुसरीचेच प्लॅन: 'एरिक' नावाची, विल्यम अ‍ॅटकिन या अमेरिकन डिझायनरने १९२० च्या दशकात आखलेली, नॉर्वेच्या बचावनौकांच्या घाटाची, ढेरपोटी. परत पाठवून दुसरे मागवण्याइतका धीर कोणाला होता? आले तेच प्लॅन सुतारांपुढे ठेवले. इथल्या सुतारांनी वाकसाने तासून आणि दोरीच्या सामत्याने भोकं पाडून सागवानात ती बत्तीस फुटी बोट उभी केली. १९ डिसेंबर १९६४ ला नारळ फोडून ती पाण्यात गेली. नाव 'सुहेली', आखातातले अरब खलाशी आग्नेयेच्या वाऱ्याला म्हणतात ते. चुकून आलेल्या प्लॅनची ही बोट घेऊन नॉक्स-जॉन्स्टन १४ जून १९६८ ला फालमाउथहून एकटा निघाला आणि कुठेही न थांबता जगाला वळसा घालून ३१२ दिवसांनी, २२ एप्रिल १९६९ ला, परत आला. असं करणारा तो जगातला पहिला माणूस. ही फेरी म्हणजे एक शर्यतच होती, आणि तिच्यात उतरलेल्या नऊ जणांपैकी ती पूर्ण करणारा तो एकटाच.

"बघा," गृहस्थ म्हणाले, "चुकीच्या प्लॅनवर जगप्रदक्षिणा होते."

"प्लॅन चुकीचा होता," सौभाग्यवती म्हणाल्या, "सुतार बरोबर होते."

घरातल्या वादात शेवटचं वाक्य कोणाचं, हे या घरात आधीच ठरलेलं आहे.

होडी दारातून बाहेर निघाली नाही, हा विनोद होड्यांइतकाच जुना असेल. इथे तोही जमला नाही, कारण ती आतच आली नाही. आठ फुटी तक्ता लिफ्टमध्ये मावेना. हमालाने माळ्यामागे दर सांगितला आणि तक्ते डोक्यावर घेऊन जिन्याने निघाला. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तक्ता भिंतीला टेकला आणि वळेना. अर्धा तास खटपट झाली. शेवटी तक्ते खाली आले आणि हमालाने दोन माळे चढण्याचे आणि दोन माळे उतरण्याचे असे चार माळ्यांचे पैसे घेतले. त्याचा हिशेब बिनचूक होता. त्या दिवशी बिनचूक हिशेब असलेला तो एकटाच माणूस.

अशा रीतीने होडीचा कारखाना पार्किंगमध्ये, चौदा नंबरच्या जागेत सुरू झाला.

तासाभरात सेक्रेटरी हजर. "इथे फक्त वाहन लावता येतं."

"वाहनच आहे."

"चाकं?"

"होडीला चाकं नसतात."

"मग ते वाहन कसं?"

प्रकरण समितीपुढे गेलं. इमारतीतल्या मुलांनी तोवर निर्णय करून टाकला होता की काका यंदा विसर्जनाचा तराफा करताहेत. दोन जणांनी वर्गणीही आणून दिली. ती परत करताना गृहस्थांना जरा वाईट वाटलं. होडीवर बाहेरून आलेला तो पहिला आणि शेवटचा पैसा.

आता मापांचा तक्ता. डिझायनर मंडळी होडीचा आकार एका कोष्टकात मांडतात. उभ्या ओळीत होडीची स्थानकं, आडव्या ओळीत तिथली रुंदी आणि उंची. त्यात आकडे असतात ते असे: १-१०-५. कधी त्याच्यापुढे अधिकचं चिन्ह. गृहस्थांनी पहिल्यांदा हा आकडा वाचला तेव्हा त्यांना ती तारीख वाटली, १ ऑक्टोबर २००५. मग वाटलं की टिंबाऐवजी रेघ घालण्याची परदेशी पद्धत असेल, म्हणजे १.१०५ मीटर. मध्यरेषेपासून कडेपर्यंत १.१०५, म्हणून दुप्पट करून पूर्ण रुंदी २.२१ मीटर. आठ फूट लांब आणि सव्वासात फूट रुंद. तुंगभद्रेत हंपीला गोल टोपल्यांतून माणसं नदी पार करतात खरी, पण देवनारला अशा आकाराला परात म्हणतात.

त्या वेळी दुसऱ्या मजल्यावर एका स्वयंपाकघराचं फर्निचर चाललं होतं. तिथला मिस्त्री मूळचा दाभोळकडचा. बिडी प्यायला खाली यायचा आणि परातीची आखणी बघत उभा राहायचा. तिसऱ्या दिवशी त्याला राहवलं नाही.

"साहेब, जरा नकाशा दाखवा." त्याने कोष्टकावरून बोट फिरवलं. "हे तर फूट, इंच, सूत आहे."

"काय?"

"एक फूट, दहा इंच, पाच सूत."

इंचाचे आठ भाग केले की एक सूत, हे मुंबईतला प्रत्येक सुतार जाणतो. परदेशातले होडीबांधणारेही इंचाचे आठ भाग करूनच मापं लिहितात, हे गृहस्थांना इंग्रजी पुस्तकातून समजलं नव्हतं, कारण ते पान त्यांनी वेळ वाचवण्यासाठी सोडलं होतं.

"आणि हे अधिकचं चिन्ह?"

"अर्धा सूत जास्त ठेवा म्हणतोय. माणूस कामाचा आहे," मिस्त्री म्हणाला. डिझायनर आणि मिस्त्री यांच्यामध्ये अर्धं जग होतं, आणि दोघांचं एकमेकांशी दोन मिनिटांत जमलं. मध्ये उभा राहून भाषांतर करणाऱ्या इंग्रजी शाळेत शिकलेल्या माणसाची गरज नव्हती.

मिस्त्रीचे आजोबा मचवे बांधायचे. नकाशा? छे. डोळ्याने बांधायचे. कोकण किनाऱ्यावर लाकडी होड्या पिढ्यान्‌पिढ्या अशाच झाल्या. लांबी ठरली की बाकीची मापं वीत, हात आणि नजर यांतून निघत, आणि मोठा सुतार लांबून एक डोळा मिटून सांगे, "इकडे अजून तास." हे ऐकल्यावर गृहस्थांनीही एक डोळा मिटून आपल्या फळीकडे पाहिलं. काही दिसलं नाही. दुसरा मिटून पाहिला. मग चष्मा पुसला.

डोळ्याने बांधण्याचं अलीकडचं मोठं उदाहरण गोव्यातलं आहे, आणि ते 'सुहेली'च्या वरचढ आहे. पाचव्या शतकातलं, अजिंठ्याच्या लेण्यांतल्या भिंतीवर रंगवलेलं एक जहाज. त्याचा प्लॅन नाही, मापांचा तक्ता नाही, काही नाही. आहे ते फक्त चित्र. त्या चित्रावरून गोव्यात रत्नाकर दांडेकरांच्या 'होडी इनोव्हेशन्स' या कारखान्यात खरं जहाज बांधायला घेतलं. केरळचे बाबू शंकरन आणि त्यांचे कारागीर फळ्या काथ्याच्या दोरीने शिवत होते. आरमाराने आकाराचा हिशेब मांडला, मद्रास आयआयटीत त्याची चाचणी झाली. १२ सप्टेंबर २०२३ ला कणा टाकला आणि २१ मे २०२५ ला कारवारला 'कौंडिण्य' नावाने ते आरमारात दाखल झालं. याच दांडेकरांनी त्याआधी डच डिझायनरच्या प्लॅनवरून 'म्हादेई' बांधली होती, जी घेऊन दिलीप दोंदे २००९-१० मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करून आले. म्हणजे यांना प्लॅन दिला तरी होडी होते आणि भिंत दाखवली तरी होते. गृहस्थांकडे प्लॅन होता, अकरा पानं, आणि भिंतीही चार होत्या.

मिस्त्रीला संध्याकाळचे दोन तास ठरवून घेतलं. त्याने पहिल्यांदा ९४ टक्क्यांच्या चौकटी हातात घेतल्या, उलटसुलट केल्या आणि म्हणाला, "पट्टी मारू." मुंबईतल्या फर्निचरचा हा मूलमंत्र आहे. कपाट तिरकं झालं, पट्टी मारा. दार लागत नाही, पट्टी मारा. चौकटींना चहूकडून पट्ट्या लागल्या आणि त्या वयात आल्या.

मिस्त्री दोन दिवस गावाला गेला, तेव्हा गृहस्थांनी बाजूच्या फळ्या स्वतः करायला घेतल्या. त्यांना इतका बरोबर, इतका सुबक, मापात सुताचाही फरक नसलेला तुकडा पूर्वी कधी जमला नव्हता. आखला, कापला, आतल्या अंगाला खालच्या कडेने आधाराची पट्टी गोंदाने बसवली. मग त्या तुकड्यावरून हुबेहूब दुसरा. दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि फोटो काढला.

मिस्त्री आला. बघितलं. बिडी पेटवली.

"साहेब, ह्या दोन्ही डाव्या आहेत."

डिझायनर होडीचा अर्धाच भाग काढतो, कारण उरलेला अर्धा आरशातल्यासारखा असतो, हे त्याने प्लॅनच्या तिसऱ्या पानावर सांगितलं होतं. नुसती फळी असती तर उलटून चालली असती. पण पट्टी आतल्या अंगाला चिकटली होती, आणि उलटल्यावर ती बाहेर येत होती. गोंद उत्तम लागला होता. तो निघेना. चपलांच्या दुकानात डाव्या पायाचे दोन जोड निघावेत, तसं. तिसरा तक्ता आणायला गृहस्थ पुन्हा रे रोडला गेले. दुकानदाराने ओळखलं. "ओटा वाढवला वाटतं?"

सांध्यांना इपॉक्सी लावायचं होतं. त्याच्या डब्यावर लिहिलेलं असतं की मिश्रण २५ अंश तापमानाला अर्धा तास काम देतं. साधारण दहा अंश वाढले की वेळ निम्मी होते, आणि खोलगट भांड्यात ठेवलं तर ते स्वतःच्याच उष्णतेने आणखी तापतं. मे महिन्यात देवनारच्या पार्किंगमध्ये २५ अंश फक्त जाहिरातीतल्या एसीला दिसतात. गृहस्थांनी काटकसर म्हणून सगळं मिश्रण एकदम केलं, स्टीलच्या उंच पेल्यात, आणि चहाला वर गेले. खाली आले तेव्हा पेल्यातून धूर येत होता, वॉचमन वाळूची बादली घेऊन उभा होता आणि ब्रश पेल्यात ताठ उभा होता. तो पेला आजही ब्रशासकट शोकेसमध्ये आहे. पाहुणे त्याला आधुनिक शिल्प समजतात.

खर्चाचं विचारू नये. जोशुआ स्लोकम या अमेरिकन दर्यावर्दीने 'स्प्रे' ही जुनी बोट जवळपास नव्याने बांधली, तिच्यावरून १८९५ ते १८९८ मध्ये एकट्याने पृथ्वीला फेरी मारली, आणि सामानाला ५५३ डॉलर ६२ सेंट लागले हेही लिहून ठेवलं. बासष्ट सेंटसुद्धा. गृहस्थांनीही पहिल्या आठवड्यात वही घातली होती. तिसऱ्या तक्त्यानंतर ती सौभाग्यवतींच्या हाती लागू नये म्हणून होडीच्या तळाखाली ठेवली, आणि तळ बसला.

शेवटी, पावसाळ्याआधी, एका शनिवारी दुपारी बारा वाजता टेम्पोने होडी ट्रॉम्बेच्या कोळीवाड्याच्या धक्क्यावर पोहोचली. समोर निम्मी खाडी चिखल होती. जाळं विणत बसलेल्या एका वयस्कर तांडेलांनी विचारलं, "आज तिथी कोणती?"

मोबाइलवर बघितलं. चतुर्थी.

"मग भरती तीनला. तिथीची पाऊणपट करायची. चाराची पाऊणपट तीन." एवढं सांगून त्यांनी होडीला एक चक्कर मारली. "हिची नाळ कुठाय? पुढून कापली काय?"

"पुढून चौकोनीच आहे. प्लॅनमध्ये तशीच आहे."

"आणि मागनं?"

"मागूनही तशीच."

"मग जाणार कुठल्या बाजूला हे कसं कळायचं?"

तीन तास सगळे धक्क्यावर बसले. तांडेलांनी दोनदा चहा पाजला. तीन वाजता पाणी आलं, अगदी ठरल्यासारखं. होडी खाली सोडली. आणि तरंगली. खरंच तरंगली, मुलीने व्हिडिओ काढलाय. डावीकडे किंचित कलून, पण कोरडी.

"बस," गृहस्थ मिस्त्रीला म्हणाले.

"नको साहेब. मी बांधलीय, मला माहीत आहे."

गृहस्थ एकटेच गेले. वल्ही मारत धक्क्यापासून साधारण दोन बस लांबीच्या अंतरावर पोहोचले आणि ओहोटी लागायच्या आत परत आले. रोहित जागचे हलले नाहीत. होडी आता पुन्हा चौदा नंबरला आहे. समितीने तिच्यावर दुचाकीचा दर लावला आहे, चाकांच्या मुद्द्यावर दोन मतं राखीव ठेवून.

एक सूचना. तिसऱ्या तक्त्यातून उजवी बाजू नव्याने केल्यामुळे एक डावी शिल्लक आहे: आठ फुटी, सहा मिलिमीटर मरीन प्लाय, मापात सुताचाही फरक नाही, पट्टी पक्की बसलेली. ज्या कोणी वाचकाने घाईत दोन उजव्या केल्या असतील, त्याने देवनारला यावं. संध्याकाळी सहानंतर, म्हणजे मिस्त्रीही भेटेल. तक्ता लिफ्टमध्ये मावत नाही, तेव्हा पार्किंगमध्येच यावं.